रोज बसमध्ये दिसते, बोलणं नाही, तरी ओढ वाटते: हे प्रेम की सवय?

चार महिने सकाळच्या एकाच बसला एक मुलगी दिसते, नाव माहीत नाही, एक शब्द बोलणं नाही, तरी ती दोन दिवस आली नाही की चुकल्याचुकल्यासारखं होतं. याला प्रेम म्हणावं का सवय, असं तुम्ही विचारलंय. मी सांगलीत फोटो स्टुडिओ चालवतो. 1993 ला मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालो आणि वडिलांच्या धंद्यात पडलो, त्यामुळं मला समुपदेशक वगैरे समजू नका. पण तीस वर्षं लोकांचे चेहरे बघतोय, आणि तुमच्यासारखाच एका बसमध्ये मीही बसून झालोय.

तुम्हाला जे वाटतंय ते खरं आहे. फक्त ते त्या मुलीबद्दल फारसं काही सांगत नाही, तुमच्या मेंदूबद्दल सांगतं. हे मला पहिल्यांदा कळलं ते डार्करूमच्या बाहेर, काउंटरवर, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

स्टुडिओत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "माझा फोटो चांगलाच येत नाही हो." रोलच्या जमान्यात एन्लार्जरमध्ये, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायच्या यंत्रात, निगेटिव्ह उलटी बसली की प्रिंट आरशातल्यासारखी यायची, डावा भांग उजवीकडं. आमच्या वडिलांच्या, म्हणजे तात्यांच्या हातून एकदा गणपती पेठेतल्या एका व्यापाऱ्याच्या प्रिंटा अशा उलट्या निघाल्या. तात्यांनी चूक कबूल केली, नव्या सुलट काढून शेजारी ठेवल्या. त्या माणसानं दोन्ही निरखल्या आणि उलटी उचलली. "ह्यो बरा आलाय. त्यात मी मीच वाटत न्हाई." त्यांची बायको बरोबर होती. ती म्हणाली, "काय तरीच! ह्यात तोंड वाकडं दिसतंय तुमचं." दोघांचं काउंटरवरच जुंपलं आणि तात्या कात्री हातात धरून उभे.

नेमका हाच प्रयोग मिटा, डर्मर आणि नाइट या तिघांनी अमेरिकेत 1977 साली केलेला होता. एकाच निगेटिव्हच्या सुलट आणि उलट्या प्रिंटा दाखवायच्या. जिचा फोटो तिला बहुधा उलटी आवडली, तिच्या मैत्रिणीला किंवा जोडीदाराला सुलट. कारण उघड आहे. माणूस स्वतःला जन्मभर आरशात बघतो, बाकीचे त्याला समोरून बघतात. पण गंमत अशी की "हा माझ्या सवयीचा आहे" असं कुणीच म्हणत नाही, "हा चांगला आलाय" म्हणतात. माझ्या मते सगळी गोम इथंच आहे. मनाला ओळखीचं वाटतं आणि तोंडातून "छान" बाहेर पडतं. हल्ली पासपोर्ट फोटोवर तक्रार आली की मी कॉम्प्युटरवर तो आरशासारखा उलटा करून दाखवतो. गिऱ्हाईक गप्प होतं. मग सुलटाच छापून देतो.

या सगळ्याच्या मुळाशी रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाचं काम आहे. जन्म पोलंडचा, हयात अमेरिकेत गेली. 1968 साली त्यांनी दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हापुन्हा समोर आली तरी ती आवडायला लागते. तिनं आपलं काही भलं करावं लागत नाही. अर्थहीन शब्द, चिनी लिपीसारखी चिन्हं, अनोळखी माणसांचे फोटो, काही एकदा दाखवले, काही 25 वेळा. जास्त वेळा दिसलेलं जास्त आवडलं. पुढं त्यांनी नि त्यांच्या सहकाऱ्यानं मिशिगनमधल्या दोन विद्यापीठांच्या विद्यार्थी-वृत्तपत्रांत एक भारी उद्योग केला. चौकटीत नुसता एक शब्द छापायचा, 'कादिरगा' किंवा 'नानसोमा' असला काहीतरी, ना जाहिरात ना खुलासा. एका पेपरात जो शब्द वारंवार, तो दुसऱ्यात क्वचित. नंतर लोकांना विचारलं, याचा अर्थ चांगला असेल का वाईट? ज्यांनी जो शब्द जास्त वेळा बघितला होता त्यांना त्याचा अर्थ चांगला वाटला. आपल्याकडं चौकाचौकांत वाढदिवसाचे फ्लेक्स लावणाऱ्यांनी झायन्स वाचलेला नाही, पण तत्त्व त्यांना पक्कं माहीत आहे.

1980 साली तर त्यांनी विल्यम कुन्स्ट-विल्सन यांच्याबरोबर अष्टकोनी आकृत्या डोळ्यांसमोर इतका थोडा वेळ चमकवल्या की नंतर "यातली कुठली बघितलीत?" म्हटल्यावर लोक निव्वळ अंदाज मारत होते. "कुठली आवडते?" म्हटलं की मात्र बघितलेलीवर बोट जास्त वेळा जायचं. म्हणजे आवड आधी, ओळख पटणं नंतर, किंवा कधीच नाही.

असं का होतं याचा साधा खुलासा असा. नवीन काही समोर आलं की जीव आधी सावध होतो. ते परत आलं आणि काही वाईट झालं नाही; परत आलं, काही झालं नाही. सावधपणा उतरत जातो आणि त्या उतरण्यालाच आपण आवडणं समजतो. शिवाय ओळखीचा चेहरा वाचायला डोक्याला कष्ट कमी पडतात, नि कमी कष्टाचं ते गोड लागतं.

तुमच्या बसशी सगळ्यात जवळचा प्रयोग 1992 चा, मोरलँड आणि बीच यांचा. दिसायला साधारण सारख्या चार तरुणी. कॉलेजच्या एका मोठ्या वर्गात एक 15 वेळा येऊन बसली, एक 10, एक 5 आणि चौथी एकदाही नाही. कुणाशी बोलायचं नाही, यायचं, बसायचं, जायचं. सत्र संपताना मुलांना चौघींचे फोटो दाखवले. कुणाला नीट ओळखल्याचं आठवत नव्हतं, पण जास्त वेळा आलेली जास्त आकर्षक वाटली. तुमच्या बसमधली मुलगी आठवड्याला सहा दिवस येते, चार महिने. हिशोब तुम्हीच करा.

आता माझी बस. 1994-95 मध्ये मी सांगलीहून रोज सकाळी मिरजेच्या एका कलर लॅबमध्ये प्रिंटिंग शिकायला जायचो. सिटी बस, उजवीकडची खिडकी, मांडीवर फिल्मच्या डब्यांची पिशवी. विश्रामबागला एक बाई चढायच्या. बाई म्हणजे मुलगीच, माझ्याच वयाची, पण तेव्हा मनातल्या मनातसुद्धा मी तिला अहो-जाहो करायचो. निळी छत्री, डबा, हातात कसलं तरी जाड रजिस्टर. दीड वर्षात एकदाही बोललो नाही. पण ती कुठल्या ऑफिसात असेल, घरी कोण असेल, गाणी कुठली ऐकत असेल, सगळं मी ठरवून टाकलं होतं. एकदा ती आठवडाभर आली नाही तर मी लॅबमध्ये दोन रोल वाया घालवले.

एका दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून परत येताना स्वारगेटला सांगली गाडीच्या रांगेत ती माझ्यापुढं उभी. रोजच्या बसमध्ये दीड वर्षात जे जमलं नाही ते तिथं अर्ध्या मिनिटात जमलं. मी म्हणालो, "मिरज का?" तिनं वळून बघितलं आणि हसून म्हणाली, "अय्या, तुम्ही ते डब्यावाले ना!" म्हणजे तिनंही बघून ठेवलेलं होतं.

हेसुद्धा कुणीतरी आधीच अभ्यासलेलं आहे याची मला नंतर मौज वाटली. स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञानं न्यूयॉर्कच्या भागात लोकल गाडीची वाट बघणाऱ्यांचे फोटो काढून नंतर त्याच वेळच्या प्रवाशांना वाटले आणि विचारलं, यातलं कुणाला ओळखता? दर दहांतल्या जवळजवळ नवांना निदान एक तरी असा चेहरा सापडला जो रोज दिसतो पण ज्याच्याशी कधी बोलणं नाही. सरासरी असे चार. 1972 मधल्या त्यांच्या लेखात या माणसांना 'ओळखीचे अनोळखी' असं नाव आहे. आणि त्यांचं निरीक्षण असं की रोजच्या जागेपासून जितकं लांब भेटाल तितकं बोलणं सोपं. रोजच्या जागी न बोलण्याचाच एक अलिखित करार झालेला असतो, आणि जितके दिवस जातात तितका तो मोडणं अवघड. एक फोटोवाला म्हणून सांगतो, फोटो काढून माणसांच्या नात्याचा एवढा सुरेख अभ्यास दुसरा कुठला माझ्या बघण्यात नाही.

तर स्वारगेट ते सांगली आम्ही शेजारी बसलो. शिरवळपर्यंत मी हवेत. साताऱ्याला चहा घेतला. तिथं तिनं कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून असा काही वाद घातला की मी दुसरीकडं बघायला लागलो. कराडपर्यंत ती भावाच्या नोकरीबद्दल बोलत होती, मी फोटोबद्दल सांगायला गेलो तर तिनं जांभई दिली. पेठ नाक्याला दोघंही झोपेचं सोंग घेऊन बसलो होतो. तिचं काहीही चुकलेलं नव्हतं. मी दीड वर्ष ज्या बाईबरोबर प्रवास करत होतो ती मात्र गाडीत चढलीच नव्हती. पुढं मिरजेच्या बसमध्ये आम्ही मान हलवायचो, बरं वाटायचं, ती ओढ मात्र गेली.

यावर संशोधकांतही वाद आहे. 2007 साली नॉर्टन, फ्रॉस्ट आणि एरिअली यांनी म्हटलं की माणसाबद्दल जितकं जास्त कळत जातं तितकं सरासरीनं आवडणं कमी होतं. थोडं माहीत असतं तेव्हा उरलेल्या जागा आपण आपल्या आवडीनं भरतो, नि एक खडा लागला की पुढचेही खडेच दिसतात. 2011 मध्ये हॅरी रीस आणि सहकाऱ्यांनी उलट दाखवलं: लोकांना प्रत्यक्ष गप्पा मारू दिल्या तर गप्पा वाढतील तसं आवडणंही वाढतं. माझी कराडपर्यंतची गाडी पहिल्यांच्या बाजूनं साक्ष देते. माझं लग्न दुसऱ्यांच्या बाजूनं. त्याकडं येतो.

त्याआधी एक गोष्ट, कारण "सहवासानं प्रेम जडतंच" हे वाक्य आपल्याकडं फार सैल वापरतात. पहिलीच भेट कडू असेल तर वारंवार दिसण्यानं कडूपणाच घट्ट होतो. कॅलिफोर्नियातल्या एका वसाहतीत 1976 साली एबेसन आणि सहकाऱ्यांनी बघितलं की लोकांचे मित्र जवळ राहणारे होतेच, पण शत्रू त्याहूनही जवळचे. बांधाला बांध असलेल्या कुठल्याही दोन शेतकऱ्यांना विचारा.

आणि लहानपणापासूनचा अति सहवास तर आकर्षण विझवूनही टाकतो. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्नाची रीत बऱ्याच घरांत आहे. मी अशी कितीतरी लग्नं शूट केलीत. वर्षातून दोनदा सुट्टीला भेटणारी मामाची मुलगी असेल तर नवरा-नवरी लाजतात, फोटोत कळतं. पण एकदा एका घरात मुलगी आई गेल्यामुळं तीन वर्षांची असल्यापासून आत्याकडंच वाढलेली. मोठ्यांनी ठरवलं, घरातली घरात. मुलगा साखरपुड्याच्या आदल्या दिवशी स्टुडिओत येऊन मला म्हणाला, "काका, तिची वेणी घातलीय मी शाळंला जाताना. कसं व्हायचं?" साखरपुडा झालाच नाही, आणि माझा बुडालेला ॲडव्हान्स मी मागितला नाही. एडवर्ड वेस्टरमार्क या फिनलंडच्या अभ्यासकानं 1891 मध्येच म्हटलं होतं की एकत्र वाढलेल्यांत ओढ उरत नाही. पुढं आर्थर वुल्फ यांनी तैवानमधली जुनी नोंदवही चाळली. तिथं सून लहानपणीच घरी आणून मुलाबरोबर वाढवायची प्रथा होती. अशा जोडप्यांत मुलं कमी, घटस्फोट जास्त. म्हणजे ओळखीचं एक जेवणातल्या मिठासारखं माप असावं, आणि ते कधी, कुठल्या वयात पडतं यावर बरंच काही ठरतं.

आता जे मला खरं सांगायचंय ते. ओळखीचं आणि सुरक्षित हे मनाला एकच वाटतं, पण ते एक नाही.

2019 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती. पाणी उतरल्यावर लोक भिजलेले अल्बम घेऊन माझ्याकडं येत होते. सांगलीवाडीच्या एक आजी आल्या, लेकाचा विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर कोरडा फ्लॅट होता. आजी चार दिवसांत परत आपल्या चिखलाच्या घरात. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "तिथं झोप लागत न्हाई बाबा. इथं कुठनं काय वाजतंय ते म्हाईत हाय." दोन वर्षांनी परत पूर आला, परत त्याच घरात.

माझं घर तसं होतं. तात्या अबोल. नुसते अबोल नव्हे, ते अबोला धरायचे. कशावरून ते कळायचं नाही. चार दिवस, कधी आठ. आईशी नाही, माझ्याशी नाही. डार्करूमच्या लाल दिव्यात त्यांच्या शेजारी उभं राहून मी हायपोच्या, म्हणजे प्रिंट पक्की करायच्या रसायनाच्या ट्रेमध्ये चिमटा कसा आपटला यावरून आजचा दिवस कसा जाणार ते ओळखायला शिकलो होतो. पोरानं शिकायची ती विद्या नव्हे, पण मी तिच्यात पहिला नंबर होतो.

जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ या लहान मुलांच्या मनाच्या अभ्यासकांचं म्हणणं असं की सांभाळणाऱ्या माणसाजवळ कसं राहायचं याचा एक नकाशा मूल पहिल्या काही वर्षांत बनवतं. 1987 मध्ये हेझन आणि शेव्हर यांनी दाखवलं की मोठेपणीच्या प्रेमातही त्या नकाशाच्या खुणा दिसतात. लोक याचा अर्थ "आईसारखी बायको" असा काढतात, तो फार ढोबळ आहे. खुणा माणसाच्या नसतात, वागण्याच्या असतात. कॉलेजात मला जी मुलगी आवडली ती कारण न सांगता आठवडा-आठवडा बोलणं बंद करायची. मित्र म्हणायचे, लेका, सोड की तिला. मला ती खोल वाटायची. बाकीच्या मुली मोकळेपणानं बोलायच्या त्या उथळ वाटायच्या. तिनं बोलणं बंद केलं की माझ्या पोटात जो गोळा यायचा त्याला मी प्रेम म्हणत होतो. तो गोळा मला ओळखीचा होता, एवढंच.

लग्न ठरवून झालं, 1998. ही तासगावची. पोटातलं ओठात, ओठातलं गल्लीत. पहिले दोन-तीन महिने मला घरात रेडिओ चालू असल्यासारखं वाटायचं. राग आला की बोलून मोकळी, दहा मिनिटांत चहा टाकून "घेताय का?" मी मात्र चहा हातात घेऊन वाट बघत बसायचो. अबोला कधी सुरू होणार याची. होत नाही म्हटल्यावर मीच काहीतरी कुरापत काढायचो, ताटातली भाजी, तिच्या माहेरचे, काहीही. एकदा ती समोर बसली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही कशाची वाट बघताय?" मला उत्तर देता आलं नाही. ते द्यायला चार-पाच वर्षं गेली. तोवर तिचा आवाज ओळखीचा झाला होता. आता ती माहेरी गेली की घर खायला उठतं.

ठरवून केलेल्या लग्नांचा मी वकील नाही. कांदेपोह्यांच्या पंधरा मिनिटांत जे चेहरे मी बघितलेत त्यांतले काही पुढं कोर्टातही बघितलेत. जयपूरमध्ये 1982 साली गुप्ता आणि सिंग यांनी 50 जोडप्यांचा अभ्यास केला, त्यात प्रेमविवाहातलं प्रेम वर्षांगणिक उतरताना आणि ठरवलेल्या लग्नातलं चढताना दिसलं. हा अभ्यास व्हॉट्सॲपवर फार फिरतो. पण 50 जोडपी म्हणजे आमच्या एका मंगल कार्यालयाचा एक हंगामसुद्धा नव्हे, आणि 2012 मध्ये अमेरिकेतल्या भारतीय जोडप्यांत शोधलं तेव्हा असा फरक सापडला नाही. माझ्यापुरतं एवढंच कळलं की ओळखीचं वाटणं ही बनवता येणारी गोष्ट आहे. पहिल्या दिवशी नसली म्हणून माणूस नापास नाही, आणि पहिल्या दिवशीच खूप असली तर जरा थांबून ती कुठून आली ते बघावं.

म्हणून तुम्हाला विचारतो: तिच्यात तुम्हाला नेमकं काय ओळखीचं वाटतं? नुसता चेहरा, रोजची वेळ, ओढणीचा रंग एवढंच असेल तर मामला साधा आहे, झायन्सचा. पण ती कुणाशी तुटक वागते, हसत नाही, आणि तेच तुम्हाला ओढतंय असं असेल तर आधी आपल्या घराकडं एकदा बघून घ्या.

दुसरं, कॅमेऱ्याच्या मागं उभं राहून शिकलेलं. तुम्ही तिला चार महिने बघितलंय, तिनं तुम्हाला बघितलंय असं धरून चालू नका. टक लावून बघणाऱ्याचा चेहराही ओळखीचा होतो, पण तो त्या बांधावरच्या शेजाऱ्यासारखा. बसमध्ये, जिथून तिला उठून जाता येत नाही, तिथं बोलायला जाऊ नका. स्टँडवर, चहाच्या गाड्यापाशी, चार माणसांत, जिथं ती "हो का" म्हणून सहज निघून जाऊ शकेल तिथं बोला. उत्तर तुटक आलं तर पुढची बस पकडायची. तुम्ही, तिनं नव्हे.

पहिलं वाक्य काय असावं ते मला विचारू नका. मी "मिरज का?" एवढंच म्हणालो होतो, आणि ती मिरजेला नव्हे, अर्जुनवाडला राहत होती.